प्रश्न पुकारला तेव्हा

दौलत,

तुझ्या कार्यालयातून परवा फोन आला. तेरवीला स्मरणिका काढणार आहेत, तिच्यात बालमित्र म्हणून माझी दोन पानं पाहिजेत. फोनवरचा माणूस म्हणाला, "काका, चांगलं चांगलं लिहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यात पानी आलं पाहिजे." मी म्हटलं, "डोळ्यात आनाले काय लागते बाप्पा? तलावात आनून दाखवा." तो हसला. म्हाताऱ्याला दुःखातही विनोद सुचतो, असं त्याला वाटलं असेल.

मला विनोद सुचलेला नाही. तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि अकरा दिवस मी चिडलेलोच आहे. रडलोही. तुझी तिरडी उचलली तेव्हा पुढचा खांदा माझा होता, आणि नदीवर तुझ्या पुतण्याला मलाच धरावं लागलं. पण घरी आलो, आंघोळ केली, आणि चौकात तुझा तो बॅनर पाहिला. एवढा मोठा की मागचा पानठेला दिसेनासा झालाय. खाली लिहिलंय, 'पाणीदार आमदार'. रडणं तिथंच थांबलं माझं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोण म्हणतं ते कोणास ठाऊक. ज्यानं म्हटलं त्याचा मित्र आमदार नसावा.

तुझं आणि माझं नातं त्या तलावानं लावून दिलं. तू तलावाखालच्या धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा मालक, मी तलावातल्या माशांवर जगणाऱ्या ढिवराचा मुलगा. तलाव भरला की तुमची रोवणी, तलाव आटत आला की आमची मासेमारी. दोघांचं पोट एकाच पाण्यावर. तिसरीत असताना तू तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या त्या दगडी मोरीजवळ, बुडायला लागला होतास, आणि माझ्या बापानं तुला केसाला धरून डोंग्यात ओढलं होतं. ही गोष्ट तू प्रत्येक प्रचारसभेत सांगितलीस. "मी ढिवराच्या हातानं वाचलो, हा जीव ढिवराइचाच हाय." आमच्या मोहल्ल्यातल्या बाया पदर डोळ्याला लावायच्या. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. आता वाटतं, बापानं केस धरले तेव्हा एक कानाखालीही द्यायला हवी होती, पुढं उपयोगी पडली असती.

तुला आठवत असेल, मशिनी आल्या त्या उन्हाळ्यात आपण दोघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभे होतो. तू नवा आमदार होतास, विरोधी बाकावरचा. सरकारची योजना आली होती, तलावाचं खोलीकरण. गाळ काढायचा, पोट मोठं करायचं, पाणी दुप्पट साठेल. ऐकायला गोड. तो तलाव मालगुजारीच्या काळाहूनही जुना, त्याचं पाणी मे महिन्यातही गुडघ्याच्या वर असायचं. ज्यांनी तो बांधला त्यांनी काय विचार करून बांधला, हे बघायला कोणाला वेळ नव्हता. पोकलेन उतरलं आणि खरवडायला लागलं.

तेव्हा रतनबाई पाळीवरून खाली उतरली होती. स्मरणिका वाचणाऱ्यांसाठी सांगतो, रतनबाई आमच्या मोहल्ल्यातली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून हातजाळं घेऊन तलावात एकटी उतरायची. त्या तलावाचा तळ तिला पायांनी पाठ होता. ती काम बघायला आलेल्या खात्याच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, इथून फुडं नोका खांदू. इथी काळी माती वीतभरच हाय, तिच्या खाली मुरूम हाय. माती फाटली तं पानी नाई थांबत."

साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू हसलास. "बाई, मशीनले समजते ते," तू म्हणालास. मी तुझ्या शेजारी होतो. मीही हसलो, दौलत. ते लपवत नाही.

मशीनला काय समजणार होतं, कपाळ? त्यांनी काळी माती पार खरवडून काढली, ट्रॉल्या भरभरून बांध्यांमध्ये नेऊन टाकली. पाळीवर पाटी लागली, 'पाणीसाठ्यात वाढ'. पावसाळ्यात तलाव तुडुंब दिसला, लोकांनी फोटो काढले. दिवाळी झाली आणि पाणी बसायला लागलं. धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही. पुसात, म्हणजे पौषात, मधोमध चार डबकी उरली आणि त्यांत मासे उलटे व्हायला लागले. आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव मी, त्यामुळं लोक माझ्या दारात येऊन विचारायचे, पानी कुठी गेलं? जसं काही मी ते कनगीत भरून ठेवलं होतं.

आता मी तुझ्याबद्दल जे चांगलं सांगणार आहे ते खरं आहे, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. त्या वेळी तू पेटून उठलास. स्वतः गाडी काढून आलास, पाळीवर उभं राहून रिकामा तलाव पाहिलास, आणि थेट रतनबाईच्या घरी गेलास. "बाई, तुमी बरोबर होत्या. मी गाढव," असं सगळ्यांसमोर म्हणालास. आमदार असं म्हणतो? मी तरी ऐकलं नव्हतं. मग माझ्या ओसरीवर चटई टाकून आपण तिघं बसलो आणि तू विधानसभेचा प्रश्न लिहायला घेतलास.

ती दुपार माझ्या आयुष्यातली चांगली दुपार आहे. तू आम्हाला शिकवलंस प्रश्न कसा लिहितात ते. आधी लिहायचं, 'अमुक तलावाचे खोलीकरण केल्यानंतर त्यात पाणी टिकत नाही, हे खरे आहे काय'. मग, 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय'. आणि शेवटी, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. रतनबाई म्हणाली, "हे तं लगनातल्या मंगलाष्टकावानी हाय, सगळ्याइले तेच." तू खूप हसलास. मग गंभीर होऊन म्हणालास, या छापील प्रश्नाला छापील उत्तर येतं, त्यात दम नसतो. खरी मजा उपप्रश्नात. उत्तर आलं की आमदारानं उभं राहायचं आणि मंत्र्याला पुढचा प्रश्न तोंडावर टाकायचा, ज्याची तयारी त्याच्या साहेबांनी करून दिलेली नसते. "तिथी सापडते मंत्री," तू म्हणालास.

तीन उपप्रश्न आपण काढले. खोदण्याआधी मातीचा थर किती आहे हे कोणी मोजलं होतं? काढलेली माती कुठं गेली? आणि तिसरा रतनबाईचा. तिनं विचारलं, यायनं पानी कवा मोजलं? मी पाटीवरची तारीख सांगितली, भाद्रपदातली. ती म्हणाली, "भादव्यात तं बैलाच्या खुराचा खड्डा बी भरते. पुसात मोजा म्हना." तू ते जसंच्या तसं लिहून घेतलंस.

दुसऱ्या उपप्रश्नावर मी जरा थांबलो होतो. काढलेली माती तुझ्याही बांधीत पडली होती, गावाला माहीत होतं. तुझं धान त्या वर्षी कमरेएवढं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "काय पाहून राह्यला बे शाम्या? तेबी इचारतो. माह्या बांधीत असन तं माह्या बांधीचं नाव घेतो." त्या क्षणी तुझ्यासाठी जीव दिला असता मी.

प्रश्नावर दुसऱ्या कुणा आमदाराची सही घेऊ, असं मी सुचवलं होतं. समजा तू नसलास तर दुसरा उभा राहील. तू ऐकलं नाहीस. "श्रेय वाटल्या जाते," म्हणालास. त्याच क्षणी मला जरा टोचलं होतं. पण मी म्हटलं, असू दे, काम होणं महत्त्वाचं.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न लागला. तूच फोन करून सांगितलंस, पासेस काढलेस. आम्ही सहा जण निघालो, धुतलेले कपडे घालून, जसं काही सोयरिक पाहायला. रतनबाईनं पिशवीत दोन ढेकळं बांधून घेतली होती, एक काळ्या मातीचं, एक मुरमाचं. मंत्र्याला दाखवणार होती, म्हणजे त्याला फरक कळेल. फाटकावरच्या पोलिसानं पिशवी उघडली आणि विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आमचा तलाव." त्यानं दोन्ही ढेकळं बाजूच्या कुंडीत टाकली. आत जाताना तिनं दोनदा वळून कुंडीकडे पाहिलं.

वर सज्जात आम्हाला बसवलं. पासावर लिहिलेलं मी सगळ्यांना वाचून दाखवलं, बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, उभं राहायचं नाही. छापील यादी मला एका ओळखीच्या शिपायानं आणून दिली. त्यात आपला प्रश्न होता आणि खाली उत्तर होतं. 'हे खरे नाही.' दुसऱ्या भागाला, 'प्रश्न उद्भवत नाही.' तिसऱ्यालाही तेच. मला राग आला नाही, उलट हसू आलं. म्हटलं, लिहा लेकहो, आता आमचा दौलत उभा राहतो आणि तुमचं उद्भवतं का नाही ते बघू.

अध्यक्षांनी क्रमांक पुकारला. तुझं नाव पुकारलं. मंत्री कागद हातात घेऊन उभाही राहिला होता, दौलत. उत्तर देणारा हजर होता. तुझी खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा नाव घेतलं, आणि पुढचा क्रमांक पुकारला. पुढचा प्रश्न कुठल्या तरी बसस्थानकाच्या छपराचा होता. किती वेळ गेला असेल? तू तोंडात खर्रा टाकायचास तेवढा. रतनबाईनं माझ्या दंडाला धरलं आणि कुजबुजली, "झालं का? भाऊ कुठी हायेत?" मी म्हटलं, येतील. पुन्हा पुकारतील. पुन्हा पुकारत नाहीत हे मला माहीत होतं.

परतताना तू मला तुझ्या गाडीत घेतलंस. बाकीचे एसटीनं गेले. उमरेडच्या पुढं तू बोललास. मंत्र्यानं आदल्या दिवशी दालनात बोलावलं होतं. चहा पाजला. तुझ्या गावाच्या नाल्यावरचा पूल किती वर्षं अडकलाय, हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणाला, पुलाला मंजुरी घ्या, ते तलावाचं एवढं लावून धरू नका. तलाव खोदणारा ठेकेदार त्या मंत्र्याचाच माणूस होता. तू एवढंच कबूल केलंस, की नाव पुकारलं जाईल तेव्हा तू आत नसशील. सही नाही, कागद नाही, काही नाही. लॉबीत उभं राहून तू स्वतःचं नाव लाउडस्पीकरवर ऐकलंस.

मी विचारलं, लोकांना काय सांगू? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "सांग, बीपी वाढला होता. डाक्टरकडे नेलं होतं."

आणि मी सांगितलं. तेच सांगितलं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो असतो तरी परवडलं असतं, मी तर बोललो. तुझं खोटं मी माझ्या तोंडानं, माझ्या मोहल्ल्यात, माझ्या ओसरीवर सांगितलं. लोकांना तुझी काळजी वाटली. मारुतीला नारळ फुटला. आणि रतनबाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर्षीही उरलेल्या डबक्यांपैकी एकात उतरली, चिखलात हात घालून घालून एक मरळ काढली. आजाऱ्याला मरळीनं ताकद येते, हे आमच्याकडे सगळे मानतात. जिवंत मरळ पाण्याच्या डब्यात घालून तिनं माझ्याच हाती तुझ्या घरी पाठवली. "भाऊले रस्सा करून द्या म्हना." त्या तलावातली ती शेवटची मोठी मासोळी असावी. नंतर मी तिथं मरळ पाहिली नाही.

तू ती खाल्लीस. मी समोर होतो. काटे काढून, नीट, पानात काही न ठेवता खाल्लीस. मला आजपर्यंत कळलेलं नाही की तुझ्या घशाखाली ती कशी उतरली.

पूल झाला. हेही लिहितो, नाहीतर म्हणशील शाम्या एकांगी आहे. चांगला झाला, अजून तडा नाही. माझी सून भर श्रावणात त्याच पुलावरून दवाखान्यात गेली आणि नात सुखरूप घरी आली. आधीच्या वर्षी त्याच नाल्यापाशी खाटेवर दुसऱ्या एका घरची लेक गेली होती. मग आपलं भांडण झालं की तू हे काढायचास. "बोल ना, पूल नोको होता काय? प्रश्न इचारून उत्तर भेटते बे. पूल नाई भेटत. हे खरे नाही, उद्भवत नाही, असं ऐकून गावाचं पोट भरलं असतं काय?" मी दरवेळी गप्प व्हायचो, कारण नातीचं तोंड डोळ्यापुढं यायचं. तू ते ओळखून होतास. म्हणूनच तिथं बोट ठेवायचास.

आता तू मध्ये बोलू शकत नाहीस, तर माझं ऐक. पूल हवा होता. तलावही हवा होता. या दोहोंतलं एकच मागा, असं आपल्याला कोणी सांगितलं होतं? सरकार म्हणजे काय बाजारातला घासाघिशीचा माल आहे, की हे घे आणि ते सोड? पुण्याकडच्या गावाला पुलासाठी तलाव द्यावा लागतो का? पूल आमचा हक्कच होता. तो देऊन त्यांनी उपकार केले नाहीत आणि तू आणून पराक्रम केला नाहीस. जे आमचंच होतं ते आम्हाला देऊन त्या बदल्यात तू आमचं तोंड विकलंस. आमदार म्हणजे आमचं तोंड, दुसरं काय असतं आमदार? रस्ते करायला बांधकाम खातं आहे. दवाखाने चालवायला डॉक्टर आहेत. सभागृहात उभं राहून विचारायचं, एवढं एकच काम असं होतं की जे तुझ्याशिवाय कोणी करू शकत नव्हतं. आणि तेवढंच तू केलं नाहीस.

एकदा न विचारल्याची किंमत कोणी दिली ते तुला माहीत होतं. त्याच ठेकेदाराला पुढं आजूबाजूचे तलाव मिळाले. उत्तरात सरकारनं लिहून दिलं होतं ना, पाणी टिकत नाही हे खरे नाही म्हणून? मग काम उत्तमच झालं म्हणायचं. एकेका तलावाची काळी माती निघाली, एकेक पाटी लागली. दोन ठिकाणी नारळ तुझ्या हातानं फुटला, कारण तोवर तू इकडून तिकडे गेला होतास, सत्तेच्या बाकावर. तिकडून तर प्रश्न विचारायचा प्रश्नच नव्हता. मत्स्यखात्याचे लोक दरवर्षी यायचे, माशांची बोटभर पिल्लं तलावात सोडायचे, फोटो काढायचे आणि जायचे. पुसापर्यंत ती पिल्लं बगळ्यांच्या पोटात. कागदावर मात्र आमच्या तलावात दरवर्षी मासळी वाढतेच आहे. आमची तरणी माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. ढिवर मिरची तोडतो, दौलत. हात पेटतात त्यांचे. आणि आपल्या आठवडी बाजारात आंध्रातून बर्फाच्या पेटीत आलेली मासळी विकायला रतनबाई बसते. विकत घेते आणि विकते. जिच्या पायाला तळ कळत होता ती आता पेटीवरचं लेबल दुसऱ्याकडून वाचून घेते.

शेवटी भेटलो तेव्हा तू अंगणात खुर्ची टाकून बसला होतास. दोनदा पडला होतास निवडणुकीत, माणसं यायची थांबली होती. पाय सुजले होते. मला शेजारी बसवलंस. मग म्हणालास, "शाम्या, रतनबाईले सांगतलं काय बे तू?"

मी म्हटलं, नाही.

"मी जिता हाय तोवर नोको सांगू."

मी मान डोलावली. चहा आला, प्यालो. तुला अजून काही बोलायचं होतं, तुझे ओठ हलत होते. मी मुद्दाम विचारलं नाही. म्हटलं, बस असाच. घशात अडकू दे तुझ्याही. आज त्याचं वाईट वाटतं. काय सांगणार होतास? चुकलो म्हणणार होतास की पुन्हा पूलच काढणार होतास? एक शब्द विचारला असता तर आज एवढी पानं लिहावी लागली नसती. पण ही सवलतही तू स्वतःसाठीच घेतलीस ना? तू जिवंत असेपर्यंत नाही. म्हणजे तिच्या डोळ्याला डोळा द्यायचं काम माझ्यावर टाकून तू मोकळा.

आता ऐक काय चाललंय ते. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामसभा आहे. तलावाला तुझं नाव देणार आहेत. पाळीवर तुझा अर्धपुतळा, खाली फरशी, लोखंडी कठडा, बसायला सिमेंटची बाकं, रंगीत दिवे. सुशोभीकरणाचा निधी येणार आहे म्हणे, वरून शब्द मिळालाय. ज्या तलावात पाणी नाही त्याच्या काठावर बसून लोकांनी काय पाहायचं, हे ठरावात लिहिलेलं नाही. काळी माती परत आणून तळ लिंपायला, गुरं फिरवून ती तुडवून घट्ट करायला जो खर्च येईल, त्याच्यासाठी आम्ही किती अर्ज दिले? त्याला निधी नव्हता. तुझ्या नाकाडोळ्याला आहे. आणि एकदा तुझं नाव लागलं की या तलावाचं काय बिघडलं, कोणी बिघडवलं, हे कोण विचारणार? विचारणं म्हणजे तुझा अपमान ठरेल. सरपंचानं ठराव मांडायचा आणि मी त्याला अनुमोदन द्यायचं, असं माझ्या पाठीमागं ठरलंय. छापूनही आलंय पत्रकात, अनुमोदक म्हणून माझं नाव.

म्हणून काल बाजारात गेलो. रतनबाई छत्रीखाली बसली होती, पेटीतला बर्फ सारखा करत होती. मी तिच्या बाजूला पोतं टाकून बसलो आणि सगळं सांगितलं. दालन, चहा, पूल, लॉबी, बीपी. गिऱ्हाईक आलं तेव्हा थांबलो, ते गेल्यावर पुन्हा सांगितलं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "मरळ खाल्ली त्यायनं?"

"खाल्ली."

ती हात पुसत राहिली. मी वाट पाहत होतो की आता तुला शिव्या देईल. तिनं दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं तुझं नावच घेतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग तू काऊन नाई उठला?"

मी म्हटलं, "कुठी? वर? अवो बाई, तिथी पासावर लिवलं होतं. उठलं तं पोलीस धरून नेते."

"त्या दिवशी नाई तं नाई," रतनबाई म्हणाली. "त्याच्या मांगून इतके साल गेले. इथी गावात कोन धरून नेत होतं तुले?"

बाजारात चारी बाजूंनी ओरडा चालू होता आणि मी त्या बर्फाच्या पेटीकडे बघत बसलो. तुझ्यावर रागावून मी इतकी वर्षं काढली. तुझी खुर्ची रिकामी होती हे मी रोज आठवलं. माझ्या खुर्चीवर तर मी बसलेलो होतो.

ही पानं तुझ्या कार्यालयात देतोय. छापणार नाहीत, मला माहीत आहे. तो फोनवरचा माणूस म्हणेल, काकांचं डोकं फिरलं. म्हणून एक नक्कल खिशात ठेवली आहे. परवा ग्रामसभेत सरपंच ठराव मांडतील आणि अनुमोदक म्हणून माझं नाव पुकारतील. रतनबाईनं सांगून ठेवलंय, त्या दिवशी ती बाजारात बसणार नाही, सभेला येणार आहे. तुझी बायको समोर असेल, मुलं असतील, त्यांच्या नजरेतून मी कायमचा उतरेन. तुला पाण्यातून ओढणाऱ्याचा मुलगा मी, आणि तुझ्या तेरवीचं जेवण पचायच्या आत तलावाला तुझं नाव देऊ नका म्हणणार आहे. तुला काय वाटायचं ते वाटू दे.

नाव पुकारलं की मी उठेन.